स्पितीची सायकल-सफर आखताना: शिमला ते मनाली, टप्प्याटप्प्याने

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात सायकलने निघालेल्या बऱ्याच जणांची राइड काझा या तिथल्या मुख्य गावाच्या अलीकडे-पलीकडे मोडते. पाय कमी पडत नाहीत. आखणी गाडीवाल्यांच्या सहलीवरून उचललेली असते, तिथे घोळ होतो. शिमला ते मनाली पावणेसातशे किलोमीटर, रोज ८५ धरले की आठ दिवस: हा हिशेब महाबळेश्वर-गोव्याला चालतो, स्पितीत नाही. इथे आधी तीन आकडे बघायचे. रात्री कुठल्या उंचीवर झोपणार, दिवसात किती मीटर चढणार, आणि पुढचं पाणी कुठे मिळणार. किलोमीटर त्यानंतर.

घाटरस्त्यावर दिवसाला शंभर किलोमीटर आरामात होतात आणि पंक्चर स्वतः काढता येतं, एवढं गृहीत धरून पुढचं सगळं लिहिलं आहे.

## १. आधी महिना, मग दिशा

स्पितीतून मनालीकडे बाहेर पडायची कुंझुम खिंड साधारण ४,५५० मीटरवर आहे आणि हिवाळाभर बर्फाखाली असते. रस्ता बहुतेक वर्षी मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत उघडतो, तारीख दरवर्षी बदलते. ऑक्टोबरच्या मध्यानंतर तो कधीही बंद होऊ शकतो.

जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस कमी असतो, हे खरं. पण शिमल्याकडून स्पितीत पोचायला किन्नौर जिल्हा ओलांडावा लागतो, आणि पावसात किन्नौरचे कडे सुटतात. जूनमध्ये रस्ता कोरडा असला तरी बर्फ वितळत असल्याने खिंडीपलीकडच्या बातलच्या पुढचे नाले फुगलेले असतात. सप्टेंबर सगळ्यात बरा: नाल्यांना पाणी कमी, आकाश स्वच्छ, पहाटे मात्र बाटलीत बर्फ. गणपतीची सुट्टी जोडून जाणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं. गणपती ऑगस्टअखेर आले असतील तर किन्नौरात अजून पाऊस असतो. मग विसर्जनानंतर निघा.

दिशा एकच योग्य: शिमल्याकडून आत, मनालीकडे बाहेर. मनाली २,०५० मीटरवर आहे. तिथून निघालात तर दोन-तीन दिवसांत बातलला, म्हणजे ३,९०० मीटरच्या वर झोपायची वेळ येते. विरळ हवेची सवय व्हायला शरीराला तेवढा वेळ पुरत नाही. ‘मनालीहून अंतर कमी आहे’ म्हणून उलटं जाणारे सगळ्यात जास्त आजारी पडतात.

तपासा: भारतीय नागरिकांना या रस्त्यावर परवाना लागत नाही, आधार कार्ड जवळ असावं. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना रेकाँग पिओ (किन्नौरमधलं, कल्पाच्या खालचं गाव) ते काझा पट्ट्यासाठी इनर लाइन परमिट लागतं, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असलं तरी.

## २. दिवसांची मांडणी

हा भाग सावकाश करा. नियम साधा आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर आणखी एक रात्र काढावी. दिवसा कितीही वर जा, रात्र मोजायची.

त्यावर बसणारी मांडणी अशी (उंची झोपण्याच्या जागेची, सगळे आकडे अंदाजे):

- दिवस १: शिमला, २,२०० मी. सायकल जोडणं, चाचणी.
- दिवस २: नारकंडा, ६५ किमी, २,७०० मी.
- दिवस ३: रामपूर, ६५ किमी, १,००० मी.
- दिवस ४: टापरी, ७० किमी.
- दिवस ५: कल्पा, ४० किमी, २,९०० मी.
- दिवस ६: कल्पा, विश्रांती.
- दिवस ७: पूह, ७५ किमी, २,६५० मी.
- दिवस ८: नाको, ४० किमी, ३,६५० मी.
- दिवस ९: नाको, दुसरी रात्र.
- दिवस १०: ताबो, ६५ किमी, ३,२८० मी.
- दिवस ११: काझा, ४७ किमी, ३,६५० मी.
- दिवस १२ आणि १३: काझा.
- दिवस १४: लोसर, ५७ किमी, ४,०८० मी.
- दिवस १५: कुंझुम ओलांडून बातल, ३१ किमी, ३,९६० मी.
- दिवस १६: छतरू, ३२ किमी, ३,३५० मी.
- दिवस १७: रोहतांगमार्गे मनाली, ८५ किमी.

यात दोन राखीव दिवस घाला आणि घरून निघून घरी येईपर्यंत तेवीस दिवस धरा. रजा तेवढी नसेल तर काझापर्यंत जाऊन बसने परत या. मधले मुक्काम कापून ही मांडणी पंधरा दिवसांत बसवणं म्हणजे काझाच्या दवाखान्यात दोन दिवस काढणं.

पूह ते नाको ही उडी नियमात बसत नाही, एका दिवसात हजार मीटर. वाटेतल्या खाबच्या पुलानंतर नाकोपर्यंत भरवशाची झोपायची जागा नाही, त्यामुळे ती टाळता येत नाही. म्हणूनच आधी कल्पाला दोन रात्री आणि नंतर नाकोला दोन. यातली नाकोची दुसरी रात्र बहुतेक जण कापतात. ‘पुढे ताबो खालीच आहे’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण डोकं दुखत असताना सकाळी सायकलवर बसून ६५ किलोमीटर करायचे असतात. पहिल्या रात्री झोप लागली, भूक लागली आणि डोकं हलकं असेल तरच दुसरी रात्र वगळा.

काझाचे दोन दिवस लोळून काढायचे नाहीत. पहिल्या दिवशी ‘की’ नावाच्या गोंपापर्यंत (बौद्ध मठ, ४,१६६ मी) हलकं जाऊन या. दुसऱ्या दिवशी सामान खोलीत ठेवून लांगझा, हिक्कीम, कोमिकचा फेरा करा. कोमिक ४,५०० मीटरच्या वर आहे, म्हणजे कुंझुमच्या उंचीची परीक्षा इथेच, रिकाम्या सायकलवर, बिछाना जवळ असताना होते. इथे दम फारच लागला तर लोसरला निघायची तारीख एक दिवस पुढे ढकला.

वेळेचा अंदाज असा काढा: चढाचे मीटर भागिले ३०० एवढे तास, अधिक सपाट-उताराचे किलोमीटर भागिले १५. त्यावर पाव हिस्सा थांबण्यासाठी. सह्याद्रीत ताशी ६०० मीटर चढणारा माणूस साडेतीन हजार मीटरवर सामानासकट ३०० चढला तरी पुष्कळ झालं. चार हजारच्या वर २५० धरा. खाब ते नाको साधारण १,२०० मीटरचा चढ आहे: चार तास पेडल, एक तास थांबणं. बातल ते छतरू या ३२ किलोमीटरला हे सूत्र लावू नका. तिथे रस्ता म्हणजे नदीपात्रातले गोटे. चार ते सहा तास धरा.

## ३. सराव

कमीत कमी तीन महिने. पुण्याच्या लोकांना सिंहगडचा घाट हाताशी आहे: पायथ्यापासून वर साधारण नऊ किलोमीटर आणि सहाशे मीटर. एका सकाळी तीन वेळा, आणि तेही सायकलवर आठ किलो सामान बांधून. एकच मोठी राइड करून रविवार-सोमवार आराम करण्यात अर्थ नाही. शनिवारी आणि रविवारी, सलग दोन दिवस चढा. स्पितीत दमवतं ते सलग पाचव्या दिवशी पुन्हा सीटवर बसणं.

निम्मा सराव कच्च्या रस्त्यावर करा. डांबरी घाटाला सरावलेला माणूस सैल खडीवर पुढचं चाक उचलतो आणि पाय टेकतो. ४,००० मीटरवर दर वेळी पाय टेकून पुन्हा निघणं फार महाग पडतं. उंचीचा सराव मात्र महाराष्ट्रात होत नाही. कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटर. फिटनेस चांगला म्हणून विरळ हवा लागत नाही, हा समज सोडा.

## ४. सायकल: गिअर आधी बघा

महागडी सस्पेन्शन नंतर. आधी सगळ्यात हलका गिअर मोजा. पुढे ३० आणि मागे ५० दात असतील तर २९ इंची चाकावर मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्यांनी वेग साधारण ताशी ५ किलोमीटर पडतो. कुंझुमला हाच वेग लागतो. पुढे ३६ आणि मागे ३४ असतील तर त्याच फेऱ्यांना जवळजवळ ९ चा वेग हवा, जो तिथे कोणी धरू शकत नाही. मग गुडघे पिळले जातात. तीन चेनरिंगची (पुढच्या दात्यांच्या चकत्या) जुनी सायकल असेल तर २२ दातांची आतली चेनरिंग पुरेशी आहे, ती बदलू नका.

टायर २.२ ते २.४ इंच, बाजूच्या भिंती जाड असलेले. ट्यूबलेस असेल तर निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक टायरमध्ये १०० ते १२० मिली ताजं सीलंट (छिद्र बुजवणारं द्रव). पावसाळ्याआधी भरलेलं सप्टेंबरपर्यंत वाळलेलं असतं आणि नेमकं ते तपासायचं राहून जातं. शिमल्यात भरलेली हवा कुंझुमवर गेजमध्ये २–३ पीएसआयने जास्त दिसते, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. एअर फोर्कलाही (पुढचा हवेवर चालणारा शॉक-अब्सॉर्बर) हेच. खडीवर पुढचं चाक उड्या मारायला लागलं तर थोडी हवा काढा.

ब्रेक पॅड सिंटर्ड (धातूचे) बसवा. ओल्या वाळूत रेझिन पॅड दोन दिवसांत संपू शकतात. पॅडवरचा मसाला एक मिलिमीटरपेक्षा कमी उरला की बदलायचे, आणि दोन जोड्या जवळ ठेवायच्या. निघण्याआधी चेन गेजने मोजा: बारा स्पीडला (मागे बारा गिअर) ०.५ टक्के, दहा किंवा कमीला ०.७५ टक्के ताणली असेल तर नवी. नवी चेन जुन्या कॅसेटवर (मागच्या दात्यांच्या चकत्या) घसरते का, हे दोनशे किलोमीटर चालवून घरीच बघा.

तेल कोरडं किंवा मेणाचं वापरा. ओलं तेल धूळ धरतं आणि संध्याकाळपर्यंत चेनवर काळी पेस्ट होते. रोज आधी पुसायचं, मग तेल, मग पुन्हा पुसायचं.

तपासा: पूर्ण सामान बांधून किमान एक दोन-दिवसांची कच्च्या रस्त्याची राइड. कॅरिअर आणि बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट यातच सुटतात. सुटले ते थ्रेडलॉकर (बोल्ट पक्का धरणारं द्रव) लावून बसवा.

## ५. सुटे भाग

शिमला सोडल्यावर मनालीपर्यंत तुमच्या सायकलचा भाग मिळेल ही आशा ठेवू नका. जवळ हवं ते:

- डेरेलर हँगर (मागचा गिअर-बदलक म्हणजे डेरेलर, तो फ्रेमला जोडणारा तुकडा), तुमच्या फ्रेमचाच. मॉडेल बघून मागवा, ‘युनिव्हर्सल’ नको.
- दोन क्विक लिंक (चेन जोडायच्या सुट्या कड्या), चेन टूल.
- दोन ट्यूब, ट्यूबलेस प्लग, पॅच, टायर फाटला तर आतून लावायला जाड तुकडा.
- मागच्या चाकाचे स्पोक, दोन्ही बाजूंच्या मापाचे दोन-दोन, आणि स्पोक की.
- गिअरची आतली तार.
- ४, ५, ६ ॲलन आणि टी२५ असलेलं मल्टीटूल, छोटा पंप. एअर फोर्क असेल तर त्याचा पंप, गटात एक पुरे.
- एम५ बोल्ट चार, केबल टाय दहा, डक्ट टेप (पंपाभोवती गुंडाळून).

हँगर विसरणं ही सगळ्यात महाग चूक. सायकल उजव्या बाजूवर एकदा पडली की तो वाकतो, मग मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर डेरेलर स्पोकमध्ये जातो, आणि मग डेरेलर, स्पोक, चेन सगळंच.

## ६. सामान

सायकलवर १० किलोच्या आत. होमस्टे आणि धाब्यांवर झोपायचं असेल तर तंबू नको. स्लीपिंग बॅगेऐवजी लायनर (आतली पातळ कापडी खोळ) चालतो, कारण रजया मिळतात. पाठीवर फक्त पाणी. पाठीवर पाच किलो घेऊन चढणाऱ्यांची तिसऱ्या दिवशी बूड आणि मान दोन्ही जातात.

कपड्यांत कंजुषी करायची तर सुती टी-शर्टवर करा. वारा अडवणारं जॅकेट, पिसांचं जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे (दोन जोड, एक जाड), कानटोपी, गॉगल, ओठांना सनस्क्रीन, पॅडवाल्या दोन शॉर्ट्स. वाऱ्याचं जॅकेट आणि हातमोजे सगळ्यात वर ठेवा. खिंडीवर घामेजलेल्या अंगाने बॅग उपसायला लागलात की थंडी तिथेच धरते.

पैसे रोख घ्या. एटीएम पिओ आणि काझाला आहे, चालू असेलच असं नाही. लोसर सोडल्यावर मोबाइलवर विसंबू नका, म्हणून नकाशे ऑफलाइन उतरवा आणि घरच्यांना काझाहून सांगा: ‘तीन दिवस फोन नाही, चौथ्या दिवशी रात्रीपर्यंत आला नाही तरच काळजी करा.’

सावध: सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं भारतात परवानगीशिवाय बेकायदा आहेत. अमेरिका-युरोपातून येणाऱ्यांनी ती घरीच ठेवावीत. विमानतळावर अटक झाल्याची उदाहरणं आहेत.

## ७. सायकल शिमल्यापर्यंत

पुठ्ठ्याची पेटी सायकलच्या दुकानातून मिळते. पुढचं चाक आणि हँडल काढा. पेडल काढताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने सुटतं. डेरेलर हँगरवरून सोडवून बबल रॅपमध्ये फ्रेमच्या आत बांधा. डिस्क काढलेल्या कॅलिपरमध्ये (ब्रेकचा चिमटा) प्लॅस्टिकचा स्पेसर किंवा घडी केलेला पुठ्ठा अडकवा. तो नसेल आणि कोणी लिव्हर दाबला तर पॅड आत चिकटतात, आणि शिमल्याच्या खोलीत स्क्रू-ड्रायव्हरने झटापट होते.

विमानाने गेलात तर पॉवर बँक केबिन बॅगेत, अवजारं चेक-इनमध्ये. टायर फुगवायची हवेची काडतुसं विमानतळावर अडकतात, पंपच न्या. रेल्वेने गेलात तर पार्सल निदान दोन दिवस आधी टाका. तुमच्याच गाडीत ते चढेल असं नाही. चंडीगडहून शिमल्याला बस.

## ८. पाणी आणि खाणं

कोरड्या हवेत घाम दिसत नाही, कारण तो लगेच उडतो. दिवसाला ४ ते ५ लिटर धरा. खाब-नाको आणि लोसर-बातल या दोन टप्प्यांना निघताना ३ लिटर सायकलवर हवं. बाकी वाटेवर गावं आहेत.

ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर जनावरं चरतात. फिल्टर किंवा क्लोरीनच्या गोळ्या. गोळीला निदान तीस मिनिटं द्या, गार पाण्यात आणखी. गढूळ पाणी आधी तासभर स्थिर ठेवा, नाहीतर फिल्टर चोंदतो. ओआरएसचं पाकीट लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळा, अर्ध्या पाण्यात नाही.

चालवताना तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात: ८० ग्रॅम बिया काढलेला खजूर, किंवा दोन मोठी केळी. उंचीवर भूक मरते आणि तेलकट नकोसं होतं, म्हणून बाकरवडी-चिवड्याचा डबा काझापर्यंतच संपवा. पुढे राजगिरा चिक्की, खजूर, गूळपोळी. गूळपोळी बरेच दिवस टिकते आणि थंडीत दगड होत नाही, एनर्जी बार होतो. भूक लागायची वाट बघू नका. घड्याळ लावून दर अर्ध्या तासाला घास घ्या.

## ९. उंचीची लक्षणं

डोकेदुखी आणि त्यासोबत मळमळ, चक्कर, गळून जाणं किंवा भूक न लागणं: हे झालं की त्या दिवशी वर जायचं नाही. दुसऱ्या सकाळी गेलं तर पुढे, वाढलं तर खाली. हा निर्णय रुग्णाने घ्यायचा नाही, कारण तो ‘मी ठीक आहे’च म्हणणार. निघण्याआधीच गटात कोण ठरवणार ते ठरवा.

दोन गोष्टींना थांबायला वेळ नाही. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालता येत नसेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल, तर मेंदूला सूज असू शकते. स्वस्थ बसूनही धाप आणि खोकला असेल, तर फुप्फुसांत पाणी. दोन्हींत लगेच, रात्र असली तरी, गाडी करून खाली.

डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का, हे पुण्यात-मुंबईत असतानाच डॉक्टरांना विचारा. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. सल्फाची ॲलर्जी असल्यास आधी सांगा. गोळीने लघवी वाढते, तेव्हा पाणीही वाढवा. गोळी घेतली म्हणून नाकोची दुसरी रात्र कापायची नाही.

## १०. रस्त्यावरचा दिवस

पहाटे सहाला पेडलवर, दुपारी दोनच्या आत मुक्कामी. दुपारनंतर धूळ घेऊन वारा सुटतो, ऊन लागून दरड सैल होते, आणि बर्फ वितळून नाले चढतात. तिन्ही कारणं दुपारचीच.

नाकोहून निघाल्यावर मलिंगचा घसरडा पट्टा लवकरात लवकर ओलांडा. थांबायचं नाही, फोटो नाहीत. दगड येताना दिसले तर अलीकडेच थांबा आणि ट्रक जाताना बघा.

लोसर-बातल दिवशी निघण्याआधी लोसरच्या धाब्यावर विचारा: काल बातलहून गाड्या आल्या का? आल्या नसतील तर तुम्हीही जाऊ नका. खिंडीवर पोचलात की आधी जॅकेट घाला, मग छोर्तेनला (बौद्ध स्तूप) प्रदक्षिणा. उतार सैल खडीचा, बारा किलोमीटर वळणांचा आहे. ब्रेक सतत धरून ठेवू नका, डिस्क तापते; वळणाआधी जोरात दाबा आणि सोडा. वजन मागे, पेडल आडवी.

नाला असा ओलांडा:

1. सकाळी आठच्या आत. बातल-छतरू पट्ट्यात हे सगळ्यात महत्त्वाचं.
2. सायकलवरून उतरा. मोजे काढा, बूट किंवा सँडल घाला. अनवाणी नाही, तळाचे दगड हलतात.
3. पाठीवरच्या बॅगेचे पट्टे सोडा.
4. सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा, म्हणजे पाण्याने ती तुमच्यावर ढकलली जाणार नाही.
5. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर मागे फिरा. धाब्यावर परत, उद्या पहाटे.
6. पलीकडे पाय पुसून कोरडे मोजे, मग ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून डिस्क वाळवा, चेनला तेल.

पेच पडला तर बाहेर पडायच्या जागा तीन: रेकाँग पिओ, काझा, बातल. पिओ आणि काझाहून बस मिळते आणि दोन्हीकडे दवाखाना आहे. बातलहून हंगामात मनाली-काझा बस जाते, सायकल टपावर. लोसर ओलांडण्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न: पॅड पुरेसे शिल्लक आहेत का, काल रात्री झोप लागली का, राखीव दिवस उरला आहे का. यात दोन ‘नाही’ असतील तर काझाला परत फिरून बस धरा.

छतरूहून शेवटच्या दिवशी पाचलाच निघा. ग्राम्फूच्या फाट्यापर्यंत रस्ता खराब, तिथून रोहतांगचा (३,९७८ मी) चढ, आणि मग मनालीपर्यंत पन्नास किलोमीटरचा उतार. या उताराआधी पॅड काढून बघा. मनालीच्या बाजूला पर्यटकांच्या गाड्या वळण कापून येतात, म्हणून पूर्ण उतारभर पुढचा-मागचा दिवा चालू ठेवा आणि मढीला (उतारावरचा थांबा) दहा मिनिटं थांबून डिस्क गार होऊ द्या.